दुरुस्ती चालू आहे

द्रव्याला दान, भोग आणि नाश अशा तीनच गती असतात, हे आमच्या सुभाषितकारांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. परंतु त्यांच्या काळी मोटारी नसल्यामुळे या तिन्ही गती एकाच वस्तूच्या ठायी, एकाच महिन्यात आणि एकाच मिस्त्र्याच्या हस्ते साधता येतात, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येण्याचा संभव नव्हता. जुनी, दुर्मिळ, राजेशाही आणि बहुधा बंद असलेली विलायती मोटार ज्याच्या पोर्चमध्ये उभी आहे, त्याच्या हातून मिस्त्र्याला नित्य दान घडते, येणाऱ्याजाणाऱ्यांना दर्शनाचा भोग मिळतो, आणि नाशाची व्यवस्था मालकाने निराळे लक्ष न घालताही सुरळीत चालते. अशी मोटार लाखो रुपये ओतून पूर्ववत करावी, की तिची रवानगी भंगारवाल्याकडे करून मोकळे व्हावे, हा प्रश्न वरकरणी जमाखर्चाचा दिसतो. तो तसा मुळीच नाही, असा माझा अभिप्राय आमच्या नागपुरातील धंतोलीच्या वकीलसाहेबांच्या सहवासात दृढ झाला असून, ज्या कोणा सद्गृहस्थावर असा प्रसंग गुदरला असेल त्याच्या उपयोगी पडावा म्हणून तो येथे सविस्तर नमूद करीत आहे.

वकीलसाहेबांची मोटार डेमलर कंपनीची, ‘डीई ३६’ या जातीची आहे. इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे ही जात १९४६ ते १९५३ या काळात तयार होत असे. एका ओळीत मांडलेले आठ सिलिंडर, सुमारे साडेपाच लिटरचे इंजिन आणि अठरा फुटांहून अधिक लांबी, एवढा तिचा बारदाना. १९४७ साली बादशहा सहावे जॉर्ज दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले तेव्हा त्यांच्या दिमतीला याच जातीच्या मोटारींचा ताफा होता, ही हकीकत वकीलसाहेब इतक्या आत्मीयतेने सांगतात, की बादशहा स्वतः ही मोटार पोचती करावयास धंतोलीस येऊन गेले असावेत, असा नवख्या माणसाचा समज होतो. वस्तुतः ती मागविली होती छत्तीसगडातील एका अल्पविस्तार संस्थानाच्या अधिपतींनी. संस्थान इतके लहान, की मोटार मागे-पुढे करून वळवावयाची झाल्यास शेजारच्या दरबाराशी आधी पत्रव्यवहार करावा लागला असता. परंतु तशी वेळच आली नाही. बांधणाऱ्या कारागिरांनी विलायती सावकाशीने आपले काम आटोपून मोटार मुंबई बंदरात उतरविली, तोपर्यंत १ जानेवारी १९४८ उजाडून गेला होता आणि छत्तीसगडातील संस्थाने मध्य प्रांतात विलीन झाली होती. राज्य गेले आणि मोटार आली. पुढे १९७१ साली तनखेही गेले, तेव्हा मोटार एका कंत्राटदाराकडे आली, आणि त्या कंत्राटदाराने एका दीर्घकाळ रेंगाळलेल्या दाव्यातील फीच्या ऐवजी ती आमच्या वकीलसाहेबांच्या स्वाधीन केली. दाव्याचा निकाल अशिलाच्या बाजूने लागला होता, असे कागदपत्रांवरून दिसते. एकूण व्यवहार पाहता तो कोणाच्या विरुद्ध गेला, हे सांगावयास कागदपत्रांची जरूर नाही.

‘दुर्मिळ’ या विशेषणाचा मोह ज्यांना पडतो, त्यांनी मोटारीच्या बाबतीत ही दुर्मिळता कोठून येते याचा थोडा विचार करावा. हिरे दुर्मिळ असतात, कारण ते सापडत नाहीत. मोटारी दुर्मिळ असतात, कारण त्या खपत नाहीत. बुगाटी कंपनीने जगातील राजेरजवाड्यांसाठी पावणेतेरा लिटरच्या इंजिनाची ‘रोयाल’ नामक मोटार काढली, तेव्हा पंचवीस मोटारी बांधण्याचा संकल्प होता. बांधल्या गेल्या अवघ्या सहा आणि त्यांतल्या तीनच गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. उरलेली इंजिने अखेर फ्रान्समधील रेल्वेच्या डब्यांना लावून संपवावी लागली. आज तीच मोटार जगातील अत्यंत मौल्यवान वस्तूंत गणली जाते. तात्पर्य, आपल्या पिढीने नाकारलेल्या वस्तूला पुढच्या पिढीने किंमत द्यावयाची, हा दुर्मिळतेचा कायदा आहे, आणि मधल्या पिढीने तिचे भाडे, तेल आणि मिस्त्र्याचा तगादा सोसावयाचा, हे त्या कायद्याचे पोटकलम आहे.

आता तिच्या स्वभावाविषयी. या मोटारीला क्लच नाही. इंजिन आणि चाके यांच्या दरम्यान तेलाने भरलेले एक चक्र असून इंजिनाकडील पाती ते तेल घुसळतात आणि त्या तेलाच्या ओघाने समोरची पाती फिरतात. त्यामुळे मोटार हलते तेव्हा आतील मनुष्याच्या मांडीवरील कपातला चहा हिंदकळत नाही. गिअरची तऱ्हा त्याहून निराळी. सुकाणूखालच्या एका लहान दांडीने पुढचा गिअर कोणता हवा ते आधी ठरवून ठेवावयाचे आणि मग, जेव्हा मनास येईल तेव्हा, डाव्या पायाखालचे पेडल दाबून त्या निर्णयाची अंमलबजावणी करावयाची. ज्या शहराने मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सचिवालयाचा कारभार पाहिला आहे, त्याला निर्णय आणि अंमल यांमधील या सुखद अंतराचे नवल वाटू नये. मात्र हे पेडल तळापर्यंत नेटाने दाबले नाही, तर ते आतील स्प्रिंगच्या सर्व सामर्थ्यानिशी उलटून चालकाच्या पायावर प्रहार करतो आणि पुन्हा दाबावयास दोन्ही पायांचा जोर लागतो. वकीलसाहेबांचे मत असे आहे, की अंमलबजावणीत कुचराई करणाऱ्यास तत्काळ आणि जागच्या जागी शासन करणारी अशी दुसरी यंत्रणा इंग्रजांनी या देशात ठेविली नाही. हे मत ते डावा पाय स्टुलावर ठेवून मांडतात.

घाट रोडवरील ज्या मिस्त्र्याच्या हवाली ही मोटार झाली, तो आपल्या कामात निष्णात आहे. अँबॅसॅडर ही मोटार १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली आणि त्या अवधीत तिच्यात फरक इतका थोडा पडला, की बापाने शिकलेली विद्या मुलाला जशीच्या तशी पुरली. त्या घराण्यातला हा मनुष्य. डेमलरपुढे मात्र त्याची पहिली गाठ पडली ती साध्या नटाशी. बारा-तेराचा पाना लावावा तर तो ढिला बसतो, लहान लावावा तर शिरतच नाही. कारण त्या काळच्या विलायती मोटारींचे नट-बोल्ट व्हिटवर्थच्या मापाचे असत आणि त्यांना पानेही त्याच मापाचे लागत. असे पाने भंगार बाजारातून हुडकून आणीपर्यंत छिन्नी-हातोडीने काही नटांचे कोपरे झिजून गेले होते. मग बॅटरीची पाळी आली. आज सर्वत्र बॅटरीचे ऋण टोक मोटारीच्या अंगाला जोडतात. त्या काळच्या बहुतेक इंग्रजी मोटारींत धन टोक जोडीत. बॅटरीवाल्या पोराने आपल्या नित्याच्या सवयीप्रमाणे जोडणी केली, तेव्हा चार्जिंग दाखविणारा काटा शिस्तीत उलट्या बाजूला गेला आणि मिस्त्री बराच वेळ त्या काट्याकडे पाहत राहून म्हणाला, “साहेब, गाडी तं लय नंबर एक आहे. पण हिचं सारं उलटंच चालून राहिलं ना बाप्पा!”

उलटे चालत होते तोवर निदान चालत तरी होते. वैशाख लागला आणि नागपूरचा पारा सत्तेचाळिसाकडे सरकू लागला, तशी मोटारीने आपली भूमिका बदलली. पेट्रोल पंपातून कार्ब्युरेटरकडे जाता-जाता वाटेतच उकळावे, त्याची वाफ नळीत कोंडावी आणि इंजिन तृषार्त होऊन बंद पडावे, असा क्रम सुरू झाला. यावर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे पंपावर ओले फडके घालणे; पण जिच्या जातकुळीतल्या मोटारीतून बादशहा हिंडला, तिला फडके घालणे वकीलसाहेबांना अप्रशस्त वाटले. त्यांनी सुताराकडून बेताची एक वाळ्याची ताटी करवून घेतली, ती रेडिएटरच्या चांदीसारख्या चकाकत्या जाळीपुढे बांधली आणि तिच्यावर झारीने पाणी शिंपण्यासाठी एक मुलगा नेमला. इंजिन तरीही गरम होत राहिले, परंतु पुढच्या दोन बंगल्यांपर्यंत वाळ्याचा मंद सुगंध दरवळू लागला आणि दुपारची वामकुक्षी तिकडच्या मंडळींना सुखाची जाऊ लागली. डेमलरपासून समाजाला झालेला हा पहिला निर्विवाद लाभ. दुसरा लाभ वकीलसाहेबांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, करून घेतला. अंगणात उन्हात आणून उभ्या केलेल्या मोटारीच्या ऐसपैस बॉनेटवर स्वच्छ धोतर अंथरून त्यांनी वर्षाच्या मुगवड्या घातल्या, आणि त्या एका दिवसात अशा खडखडीत वाळल्या, की या वस्तूचा उपयोग काय, असे त्यांच्या माहेरी कोणी विचारल्यास आता त्या निरुत्तर होत नाहीत.

मोटारीचा सांगाडा पोलादी पत्र्याखाली लाकडाचा आहे, हे पावसाळ्यात उघडकीस आले. त्या काळचे प्रतिष्ठित कारागीर ‘ॲश’ नावाच्या विलायती झाडाच्या लाकडाची चौकट करून तिच्यावर पत्रा चढवीत. दार लोंबू लागले म्हणून सुताराला बोलाविले, तर त्याने दाराच्या आत बोट घातले आणि ते दुसऱ्या बाजूने बाहेर काढून दाखविले. “उधईनं पोखरलं, साहेब,” तो म्हणाला. “हे विलायती लाकूड पोचट असते. आलापल्लीचं सागवान टाकून देतो. तुमच्या नातवालेही पाहा लागणार नाही.” वकीलसाहेबांच्या मनात मूळ वस्तूचे पावित्र्य आणि आलापल्लीचे सागवान यांचा जो कज्जा सुरू झाला, तो अद्याप निकाली निघालेला नाही. आसनांची कथा आणखी उद्बोधक आहे. पुढे चालकाला चामड्याचे आसन आणि मागे मालकाला लोकरी कापडाचे, अशी जुन्या राजेशाही मोटारींची रीत होती. चामडे टिकाऊ म्हणून ऊन-पाऊस सोसणाऱ्या नोकराला आणि मऊ कापड धन्याला. हल्ली चामड्यासाठी ज्यादा पैसे मोजून लोक आपखुशीने शोफरच्या आसनावर बसतात, हे वकीलसाहेबांचे निरीक्षण मला मार्मिक वाटते, यद्यपि ते स्वतः कोठे बसावे हा प्रश्न दोन्ही आसने उंदरांनी कुरतडल्यामुळे तूर्त तहकूब आहे.

सुट्या भागांच्या बाबतीत त्यांनी एक विलक्षण मुद्दा काढला. डेमलर कंपनी १९६० साली जॅग्वारने घेतली. जॅग्वार २००८ साली टाटांनी घेतली, आणि तिच्याबरोबर डेमलर या नावाचे हक्कही आले. टाटांचा आणि नागपूरचा ऋणानुबंध तर १८७७ साली जमशेटजींनी एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हापासूनचा. अर्थात ही मोटार कायद्याने घरचीच आहे आणि तिचे भाग नागपुरात मिळालेच पाहिजेत. हा युक्तिवाद त्यांनी ट्रकचे भाग विकणाऱ्या एका दुकानदारापुढे इतक्या समर्थपणे मांडला, की त्या सज्जनाने गल्ला बंद करून तो संपूर्ण ऐकला, चहा मागविला, आणि शेवटी हात जोडून, ‘मॉडेल कोणतं म्हणालात?’ एवढेच विचारले.

मोटार इंग्लंडला परत धाडून सोक्षमोक्ष लावावा, अशीही एक सूचना आली. परंतु १९५० पूर्वी बनलेल्या जुन्या मोटारी परवान्याशिवाय देशाबाहेर पाठविण्यास सरकारची मनाई आहे. इंग्रज गेले, त्यांचे सुभेदार-कमिशनर गेले. त्यांची मोटार मात्र कायद्यानेच येथे स्थानबद्ध होऊन राहिली.

हा सर्व खर्च किती झाला, असे मी एकदा अदबीने विचारले. वकीलसाहेबांनी कपाटातून लाल फडक्यात बांधलेले दफ्तर काढले, त्याची गाठ सोडली, पहिले पान वाचले आणि गाठ पुन्हा बांधली. तेव्हा जमाखर्चाच्या दृष्टीने पाहता, दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या किमतीहून अधिक होतो, आणि दुरुस्त मोटार लिटरला चार-पाच किलोमीटरच्या पुढे जाण्याचे नाव घेत नाही. मग तिच्यापायी एवढा शहाणा मनुष्य का झिजतो? याचा उलगडा एका रविवारी झाला. त्या दिवशी, कोणाच्याही अपेक्षेविरुद्ध, मोटार चालू झाली.

नुसती चालू झाली नाही, तर ती आवाज न करता धंतोलीच्या दवाखान्यांपुढील वाहनांच्या गर्दीतून वाट काढीत व्हरायटी चौकातून लॉ कॉलेज चौकाकडे आणि तेथून फुटाळा तलावाकडे निघाली. मी मागच्या कापडी आसनाच्या उरलेल्या भागावर होतो. कोणीही वळून पाहिले नाही. मागच्या ऑटोवाल्याने भोंगा वाजविला. एका स्कूटरवाल्याने ‘काका, साइड द्या ना’ एवढीच बादशाही मोटारीची दखल घेतली. वकीलसाहेबांचा चेहरा क्रमाक्रमाने उतरत गेला. परतताना लॉ कॉलेज चौकात, ऐन सिग्नलला, मोटारीने एक उसासा टाकून देह ठेविला, आणि पाहता-पाहता तिच्याभोवती वर्तुळ जमले. ‘कोणती आहे काका?’ ‘किती सालची?’ ‘राजाची होती का?’ चहावाल्याने फुकट चहा दिला, पोलीस हवालदाराने शिटी खिशात घालून बॉनेटवर हात फिरविला, कॉलेजातली पोरे ढकलण्यासाठी आपसांत भांडू लागली, आणि वकीलसाहेब पुन्हा दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यापासून आरंभ करते झाले. त्या क्षणी त्यांच्या मुखावर जे तेज चढले, ते त्यांनी उच्च न्यायालयात जिंकलेल्या कोणत्याही अपिलानंतर मी पाहिलेले नाही.

चालत्या मोटारीचा मालक हा रहदारीचा एक घटक असतो; बंद मोटारीचा मालक ही एक संस्था असते. तिच्या दारी मिस्त्री, सुतार, लेथवाला, गादीवाला आणि निवृत्त इंजिनिअर यांचा दरबार भरतो. प्रत्येकाजवळ एक निदान असते आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे निदान चुकीचे असल्याची खात्री असते. पूर्वी जमीनदाराच्या दारी हत्ती झुलत असे, तेव्हा त्याने दिवसाकाठी किती कोस मजल मारली, असे कोणी विचारीत नसे. तो आहे, खातो आहे आणि माहुताचा संसार चालवितो आहे, एवढ्यात त्याचे सार्थक होते.

सरकारनेही, मला वाटते, हेच तत्त्व ओळखले आहे. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणीचे नियम २०२१ साली निघाले, आणि रस्ते वाहतूक खाते त्या वेळी नागपूरचेच खासदार नितीन गडकरी यांच्याकडे असल्यामुळे ते येथे विशेष आस्थेने वाचले गेले. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी, की मोटार मूळ स्वरूपात असावी आणि तिच्या चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे आलापल्लीचे सागवान कितपत चालेल, याविषयी वकीलसाहेबांनी एक टिपण तयार करून ठेविले आहे. परंतु त्या नियमांतील खरे मर्म पुढेच आहे. अशी मोटार रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ती आणावयाची प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, तांत्रिक संशोधनासाठी, पेट्रोल भरण्यासाठी आणि देखभाल-दुरुस्तीसाठी. याचा अर्थ असा, की दुरुस्तीला नेण्याकरिता मोटार चालविण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. दुरुस्त झाल्यावर चालविण्याचा मात्र नाही. अपुरी दुरुस्ती ही या मोटारीची कायदेशीर अवस्था होय, असा निष्कर्ष कोणताही समंजस न्यायाधीश काढील.

नागपूरकराला हे समजावयास अवघड नाही. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरविण्याचे ठरले. ते भरू लागल्यापासून डिसेंबर जवळ आला की मंत्र्यांच्या मुक्कामाच्या रविभवन-नागभवनाला रंग चढतो, रस्त्यांचे खड्डे बुजतात, नळांना पाणी येते आणि पुढच्या डिसेंबरात तोच क्रम पुन्हा सुरू होतो. हे काम एकदाचे पुरे का होत नाही, असा प्रश्न येथे कोणी सुज्ञ मनुष्य विचारीत नाही. मोतीबागेतील रेल्वे संग्रहालयात सातपुड्याच्या घाटांत धापा टाकलेली लहान मापाची इंजिने रंगरंगोटी करून उभी केलेली आहेत, आणि धावत असताना त्यांना जितके शिव्याशाप मिळाले, तितकाच आता सन्मान मिळतो. कोल्हापुरास तर दसऱ्याच्या मिरवणुकीत छत्रपतींची जुनी मायबाख मोटार निघते. वर्षातून एकदा निघते, म्हणूनच ती पाहावयास दसरा चौक भरतो.

याच्या अगदी उलट मार्ग पंचाहत्तर किलोमीटरवर, वर्ध्याला चोखाळला गेला. जमनालालजी बजाजांच्या एका फोर्ड मोटारीतील इंजिन काढून टाकून तिला बैल जुंपले होते, लोक तिला गमतीने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत आणि गांधीजी तिच्यातून जात, असे सांगतात. मोटारीचा सर्व उपद्रव इंजिनात असतो आणि सर्व सुख गादीत, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणी ओळखलेले नाही. वहिनींनी ही हकीकत ऐकताच पोळ्याला बैल कोठे मिळतात याची चौकशी केली, परंतु वकीलसाहेबांनी त्या सूचनेला फेरबदलाच्या कलमाखाली हरकत घेतली.

तेव्हा निवाडा असा. मोटार दुर्मिळ असेल, राजेशाही असेल आणि मनापासून त्रासदायक असेल, तर ती अवश्य दुरुस्तीस घ्यावी. मिस्त्र्याला घाई करू नये. सुटा भाग लवकर मिळण्याची चिन्हे दिसल्यास तो मूळचा नाही म्हणून परत करावा. आणि इतकी दक्षता घेऊनही ती दैवयोगाने कधी संपूर्ण दुरुस्त झालीच, तर विनाविलंब विकून टाकावी व दुसरी शोधावी. वकीलसाहेबांनी ही खबरदारी आतापासून घेतली आहे. गोंदियाकडच्या एका भात गिरणीच्या आवारात कित्येक वर्षे एक लँचेस्टर मोटार उभी असल्याचे त्यांना कळले असून, तिच्यात इंजिनच नाही हे समजल्यापासून ते रोज सकाळी तिकडे फोन लावीत आहेत.